टकटक आणि बल्ब

चावी ऑन केली की माझ्या जुन्या पेट्रोल गाडीच्या फ्यूज बॉक्समधून सलग टकटकटक ऐकू यायचं. स्टार्टर मारला की इंजिन गरगर फिरायचं, पण चालू होत नव्हतं. एरवी मागच्या सीटखालून दोनतीन सेकंद येणारी पंपाची गुणगुण बंद पडली होती. ‘पंप गेला’ असं ज्याने त्याने सांगितलं. टाकीतला पंप बदलणं महाग, म्हणून आधी आपण बघावं असं मी ठरवलं. हातात नवा मल्टिमीटर होता, विजेची समज मात्र शाळेत शिकले तेवढीच.

झाकणावरच्या आकृतीवरून पंपाचा रिले सापडला. बुडाशी आकडे: 30, 85, 86, 87. एक-दोन-तीन-चार का नाहीत, हेच मला उमगेना. हे क्रमांक डीआयएन 72552 या जर्मन मानकातले. 85 आणि 86 यांच्यामध्ये कॉइल. तिच्यातून करंट गेला की ती चुंबक होऊन आतली पट्टी ओढते, आणि 30 वर आलेला बॅटरीचा करंट 87 मधून पंपाकडे जातो. टक् आवाज त्या पट्टीचा. पंपाला वीज पोचते की नाही, याचा त्यात काहीच पुरावा नाही!

हॉर्नचा रिले अगदी तसाच होता. तो लावून पाहिला, तरी टकटक तीच. मग रिले काढून 30 च्या खाचेत मीटर धरला: 12.4 व्होल्ट. बॅटरीवरही तेवढेच. इथे माझी मती गुंग झाली. सगळं ठीक, तर पंप का फिरत नाही?

ओळखीच्या वायरमनकाकांनी विचारलं, “ताई, मीटर करंट किती ओढतो? बल्ब लावून बघा.”

मीटर जवळजवळ काहीच ओढत नाही, पंप मात्र पाचसहा अँपिअर ओढतो. इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब 30 आणि अर्थ यांच्यामध्ये लावला, तर तो नुसता लालसर पेटला आणि मीटर 4 व्होल्टवर आला. बल्ब तसाच ठेवून मी बॅटरीच्या प्लसपासून एकेक जोड तपासत गेले. फ्यूज बॉक्सला वीज आणणाऱ्या बोल्टपाशी जवळजवळ सगळे व्होल्ट गळत होते. रबरी टोपीखाली हिरवट गंज साचला होता; रत्नागिरीची खारी हवा, दुसरं काय. रिले पट्टी ओढायचा, पंप करंट मागायचा, व्होल्टेज कोसळायचं, त्याच बोल्टवरून वीज घेणारी कॉइल ढिली पडून पट्टी सुटायची, व्होल्टेज परत यायचं. टकटक त्याचीच.

बॅटरीची मायनस वायर काढून बोल्ट घासला, घट्ट आवळला. आता एकच टक्, पंपाची गुणगुण, आणि इंजिन चालू.

टाकीपाशी पेट्रोलची वाफ असते, तिथे ठिणगी पडेल असं काही करू नका. तपासणी फ्यूज बॉक्सपाशीच करा, आणि पंप विकत घेण्याआधी बल्ब लावून बघाच.