आजीचा रुपया



शाळेतल्या प्रदर्शनासाठी मी आजीचा पंचम जॉर्जचा १९१८ सालचा चांदीचा रुपया दंतमंजनाने घासला. नाणं लख्ख झालं. पण त्यावरची निळी-सोनेरी छटा गेली, बारीक चरे पडले. ते आता भरून येणार नाही.

ती छटा म्हणजे मळ नव्हे. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर वर्षानुवर्षं चढलेला सिल्व्हर सल्फाइडचा तो पातळ थर. घासलं की थर जातो, सोबत थोडी चांदीही.

मग तेलकट, चिकट मळ कसा काढायचा? शुद्ध ॲसिटोनने. ते तेल, चिकटपट्टीचा गोंद विरघळवतं. चांदीला किंवा त्या थराला धक्का लावत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र नको, त्यात रंग-सुगंध मिसळलेले असतात. काचेच्या वाटीत नाणं पाच मिनिटं बुडवा, कडेला धरून काढा, न पुसता वाळू द्या. ॲसिटोन चटकन पेट घेतं, म्हणून खिडकी उघडी, गॅस बंद. आणि हे काम मोठ्यांनीच करायचं.

आता वर्गात मी तोच घासलेला रुपया फिरवतो आणि विचारतो, “सांगा, यावरचं काय काढायला हवं होतं, आणि काय नाही?”