दूध पाजलं, पुढे काय?

लालबाग-परळच्या चाळीत जिन्याखाली मांजरीचं एकटं पिल्लू सापडलं, की पहिला तासभर सगळा मजला बाटलीच्या मागे असतो. कुणी ड्रॉपर आणतं, कुणी केमिस्टकडून सिरिंज. दूध गाईचं की पावडरचं, यावर दोन पक्ष पडतात. पिल्लू चुरूचुरू पिऊ लागलं, की सगळ्यांना हायसं वाटतं. दोन दिवसांनी त्याच घरातून निरोप येतो: ‘अहो, हे पितंय नीट, पण शी करतच नाहीये. नुसतं कुंथतंय.’

पिल्लं वाढवण्यात मुरलेली माणसं अशा वेळी औषध सांगत नाहीत. ती उलट विचारतात, ‘पुसता का त्याला?’ बहुतेकदा समोरून उत्तर येत नाही.

जन्मल्यापासून साधारण तीन आठवडे पिल्लाला आपणहून शी-शू करता येत नाही. भाटी दूध पाजताना आणि पाजून झाल्यावर त्याची पाठची बाजू चाटते, त्या स्पर्शाने पिल्लाचं शरीर जागं होतं आणि मोकळं होतं. बाहेर आलेलं सगळं ती चाटून टाकते, म्हणून माळ्यावर पाच पिल्लं असली तरी घरात कुणाला पत्ता लागत नाही. आई गेली की दुधाचा प्रश्न सगळ्यांना दिसतो, जिभेचा कुणालाच नाही.

त्या जिभेचं काम कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ कपड्याने करायचं. कापसाचे धागे ओल्या अंगाला चिकटतात, त्यापेक्षा जुन्या मलमलीचा तुकडा बरा. पिल्लाला पोटावर धरायचं आणि शेपटीखाली हलक्या हाताने, एका लयीत टिपत राहायचं. शू बहुधा लगेच होते. शीला मिनिटभर, कधी त्याहून जास्त वेळ लागतो, आणि नवखी माणसं नेमकी तिथेच हात आवरता घेतात. घाई असलेल्या माणसाचं हे काम नव्हे. जोरात घासलं तर कातडी लाल होते आणि पुढच्या वेळी पिल्लू कपडा लागला की किंचाळतं.

शू प्रत्येक पाजण्याला व्हायला हवी. शीचा हिशोब वेगळा आहे. पावडरच्या दुधावरचं पिल्लू दिवसातून एकदा करतं, एखादा दिवस चुकवतंही. पोट मऊ आहे, वजन रोज दहा ग्रॅमच्या आसपास वाढतंय आणि पिल्लू भुकेने ओरडतंय, तर एका कोऱ्या दिवसाने घाबरण्यासारखं काही नसतं. म्हणून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा इथे घड्याळाइतकाच कामाचा. मोहरीच्या रंगाची, टूथपेस्टइतकी घट्ट शी म्हणजे सगळं ठीक. सुक्या खड्यासारखी आली, की पाणी कमी पडतंय.

पाणी कमी का पडतं, याचं उत्तर पुष्कळदा पावडरच्या डब्याजवळच असतं. ‘जरा अंग धरू दे बिचाऱ्याला’ म्हणून एक चमचा जास्त पडतो, दूध दाट होतं आणि आतड्यात खडा बनतो. डब्यावर लिहिलेलं प्रमाण पाळणं हे या दुखण्यावरचं सगळ्यात स्वस्त औषध आहे, आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारं.

पिशवीतल्या गाईच्या दुधाची गंमत उलटी आहे. मांजरीच्या दुधात त्याच्या जवळजवळ दुप्पट प्रथिनं असतात, त्यामुळे गाईच्या दुधावर पिल्लू भरत नाही, आणि बहुतेकदा त्याला जुलाब होतात. मग बद्धकोष्ठाचा संबंध कुठे? जुलाबाचा चिकटा शेपटीखालच्या केसांत सुकतो, त्याचा टणक पापुद्रा होतो आणि वाटच बंद पडते. पिल्लू कुंथतं आणि घर एरंडेल शोधू लागतं. खरं तर कोमट पाण्याने पापुद्रा भिजवून सोडवला, की काम होतं. आधी शेपूट उचलून बघावं, हे इतकं साधं आहे की कुणाला सुचत नाही.

एरंडेलाबद्दल बोलायलाच हवं. आपल्या घरांत तान्ह्या बाळासाठी बाळगुटी उगाळलेली असते, बेंबीभोवती हिंग लावलेला असतो, त्यामुळे गिरगावातली आजी मांजराच्या पिल्लालाही तोच न्याय लावते. तिची माया खोटी नाही, मात्रा चुकते. शंभर-दीडशे ग्रॅमच्या जिवाला तेलाचे दोन थेंब चुकीच्या नळीत गेले तर ते फुप्फुसात उतरतात. केमिस्टकडे मिळणारा माणसांचा फॉस्फेट एनिमा तर मांजराच्या जिवावर बेततो, मग ते पिल्लू असो की बोका. घरात करण्यासारखं तेवढंच: पिल्लाचा मागचा अर्धा भाग कोमट पाण्यात मिनिट-दोन मिनिटं धरावा, पोटावरून बोट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हलकं गोल फिरवावं, मग पुसून पूर्ण कोरडं करावं आणि पुन्हा कपडा घ्यावा.

कोरडं करण्यावर जाणती माणसं फार भर देतात. पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. त्याचं तापमान पस्तीस अंशांच्या खाली गेलं की आतडी मंदावतात, पोटातलं दूध तसंच पडून राहतं. जुलैच्या पावसात दादरच्या फुलबाजारात ओलंचिंब सापडलेलं पिल्लू आधी भरवू नये. गरम पाण्याची पिशवी गोधडीत गुंडाळून आधी ऊब द्यावी, बाटली नंतर. बाटलीसुद्धा पोटावर धरून. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं, तर दूध श्वासनळीत जातं.

इतकं करूनही दोन दिवस काही झालं नाही, पोट टणक फुगलं, पिल्लू बाटली ढकलू लागलं किंवा ओकलं, तर घरगुती उपाय तिथेच थांबवायचे. क्वचित एखादं पिल्लू गुदद्वाराशिवाय जन्मतं. त्याला शू होते, शी कधीच होत नाही आणि कुठलाही कपडा ती वाट उघडू शकत नाही. शेपूट उचलून पाहण्याचं हे दुसरं कारण.

परळला मग ‘बैलघोड्याच्या हॉस्पिटलात’ न्यायचं, असं जुनी माणसं म्हणतात. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालयाचं हे लोकांनी ठेवलेलं नाव. गिरणीमालक दिनशॉ माणेकजी पेटिट यांनी पत्नीच्या नावाने दिलेलं हे रुग्णालय एकोणिसाव्या शतकातलं, म्हणजे मुंबईची ट्राम घोडे ओढत होते त्या काळचं. शेजारचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं. बैल गेले, घोडे जवळपास गेले, नाव राहिलं. टॅक्सीवाल्याला इंग्रजी नाव सांगण्यापेक्षा हे सांगावं, लवकर पोहोचता. पशुवैद्य मऊ नळीने दोन-तीन मिलिलिटर कोमट द्रव घालून खडा सोडवू शकतात. ते हात बघून शिकण्याचं काम आहे, ऐकून घरी करून पाहण्याचं नाही.

तिसरा आठवडा संपता संपता पिल्लू कोपरा उकरू लागतं. आता कपड्याची गरज सरते, पण दुधावरून मऊ खाण्यावर येताना पुन्हा एकदा खडा होतो, कारण खाणं वाढतं आणि पाणी प्यायचं त्याला अजून कळत नसतं. खाणं पाणी घालून पातळच द्यायचं. ट्रेमध्ये गोळा होणारी बेंटोनाइटची वाळू घालू नये. या वयात पिल्लं दिसेल ते चाखतात आणि ती वाळू पोटात ओली होऊन फुगते. फाडलेलं वर्तमानपत्र चालतं.