खण, डबे आणि रिकामी जागा

‘सुव्यवस्था’ या शब्दावर वर्गात निबंध लिहून घेणे सोपे आहे. परंतु ती नेमकी कोणासाठी असते, हे आम्हांला उमगले ते इंजिन-दुरुस्तीच्या एका लहानशा दुकानात.

बऱ्हाणपूरहून अशीरगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर निंबोला हे गाव आहे. हा मुलूख केळीचा. केळीची मुळे उथळ आणि तहान मोठी. भर वैशाखात पाण्याची पाळी चुकली की बाग माना टाकते. विहिरींवर आता बहुधा विजेच्या मोटारी आहेत. तथापि वीज रुसली की डिझेल इंजिनाचीच आठवण होते. अशी इंजिने आणि फवारणीची यंत्रे ज्या दुकानात येतात, त्याचे मालक एक वृद्ध मिस्त्री आहेत. कोणती वस्तू कोठे आहे, हे सारे त्यांच्या डोक्यात. परंतु एका उन्हाळ्यात ते महिनाभर अंथरुणाला खिळले आणि दुकान असून नसल्यासारखे झाले. एका शेतकऱ्याला हवा असलेला नॉझल फळीवरच होता, पण सापडेना; तो त्याला बऱ्हाणपूरहून विकत आणावा लागला. तोवर बागेचे पाणी दोन दिवस थांबले.

बरे होताच मिस्त्रींनी आम्हांला बोलावणे धाडले. म्हणाले, “गुरुजी, ठेवणारा मी, पण उद्या शोधणारा दुसराच कुणी असेल. त्याला कळेल असं लिहून द्या.”

सुट्टीचे बारा दिवस आम्ही तेथे घालविले. पहिला अडसर नावांचा. आमची मातृभाषा कोकणी, शिकविण्याची भाषा मराठी, बाजाराची हिंदी आणि मिस्त्रींच्या घरची निमाडी! एकाच वस्तूला कोणी ‘वायसर’ म्हणे, कोणी ‘वाशर’, कोणी ‘चकती’. शेवटी असे ठरले, की वहीत दुकानातले रूढ नाव लिहावे आणि त्यापुढे कारखान्याने दिलेला क्रमांक. क्रमांकाला मातृभाषा नसते; तो सर्वांना सारखाच कळतो.

दुसरा अडसर दिसण्याचा. नट-बोल्ट पाहावे तो सारे भाऊ-भाऊ; परंतु आटे निराळे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने १८४१ साली आट्यांचे एक प्रमाण सुचविले. त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा. त्या प्रमाणाच्या अर्ध्या इंची, म्हणजे चार सुती बोल्टावर इंचाला १२ आटे असतात. त्याच जाडीच्या अमेरिकी बोल्टावर १३, आणि कोन ६० अंशांचा. दशमान पद्धतीचा १२ मिलिमीटरचा बोल्ट आणखी तिसराच. यांपैकी चुकीचा बोल्ट एक-दोन फेरे सुखाने जातो, मग अडतो. तेथे पान्याचा जोर लावला की इंजिनाच्या अंगचेच आटे मरतात. म्हणून मिस्त्रींनी प्रत्येक डब्यावर नमुन्याचा एकेक बोल्ट तारेने बांधावयास सांगितला. वाचता न येणाऱ्यालाही तो वाचता येतो.

तिसरा नियम जोड्यांचा. इंधन-पंपातील दांडा आणि त्याची नळी एकमेकांशी घासून बसविलेली असतात. एकाचा दांडा दुसऱ्याच्या नळीत चालत नाही. वाल्व आपल्याच बैठकीवर नीट बसतो. अशा जोड्या तेलाच्या कागदात एकत्रच गुंडाळल्या. बेअरिंगे वेष्टनातच राहू दिली, कारण धुळीचा कणही त्यांचा वैरी. रबरी सील उन्हापासून दूर ठेवले. जड वस्तू तळाशी, रोजच्या लागणाऱ्या हाताशी.

काही डबे रिकामे राहिले. आम्ही विचारले, यांत दुसरे काही ठेवू का? मिस्त्री म्हणाले, “नको. रिकामा डबाच सांगतो, काय आणायचं ते.” विद्यार्थी मित्रहो, या उत्तरासरशी आम्हांला मेंडेलेव्ह आठवला. १८६९ साली मूलद्रव्यांची सारणी मांडताना त्या रशियन शास्त्रज्ञाने काही जागा मुद्दाम मोकळ्या सोडल्या होत्या. पुढे १८७५ साली गॅलियम आणि १८८६ साली जर्मेनियम सापडले व त्या जागा भरल्या. रिकाम्या जागेला मान देणे, हीही व्यवस्थाच होय.

काम संपल्यावर एके दिवशी हाताखालच्या पोराने कोणालाही न विचारता नेमका नॉझल काढून आणला. मिस्त्री क्षणभर गप्प झाले. मग हसून म्हणाले, “गुरुजी, आता या म्हाताऱ्याचं काय काम उरलं?” इतक्यात बाहेर एक इंजिन सुरू झाले. त्याचा आवाज ऐकून ते त्या पोराला म्हणाले, “दोष नॉझलचा नाही, वाल्व नीट बसत नाही. ये, कान दे.” आणि ते त्याला हाताला धरून इंजिनापाशी घेऊन गेले.

वस्तू कोठे आहे, एवढे वही सांगते. ती केव्हा लागेल, हे अजून माणसालाच सांगावे लागते. आणि नुसत्या शोधाशोधीत जाणारा वेळ वाचला, तरच ते सांगावयास त्याला सवड होते. आपल्या घरची कागदपत्रे असोत, शाळेचे ग्रंथालय असो की प्रयोगशाळेचे कपाट. वस्तू जागेवर ठेवताना, आपल्यामागून येणारा हात मनात धरावा.