सक्शनला बारीक जाळी

गॅरेजचं बिल चार पानी होतं. टर्बो, फोर्ज्ड पिस्टन, कनेक्टिंग रॉड, इंजेक्टर, ट्यूनिंगचे तास, सगळं ओळीनं मांडलेलं. त्यात एक ओळ होती, ‘फ्युएल फिल्टर, 1 नग’. इंजिन गेलं ते त्या एका ओळीपायी, आणि दुरुस्तीचं दुसरं बिल आलं तेव्हाही त्या ओळीला कुणी हात लावलेला नव्हता. हे अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

गाडी जुनी होंडा सिटी व्हीटेक, दीड लिटरची. कंपनीतून निघाली तेव्हा 106 हॉर्सपॉवरची, आम्हाला तीनशेच्या घरात न्यायची होती. रस्त्यावर पळवायला नव्हे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मला ठाऊक आहे. गाडी ट्रेलरवरून धावपट्टीवर जाते आणि ट्रेलरवरूनच घरी येते. काम दिलं ते पुण्यातल्या एका नावाजलेल्या गॅरेजला. नाव घेत नाही.

त्यांनी टाकीतला मूळ पंप काढून डिकीखाली तासाला 255 लिटरचा बाहेरचा पंप बसवला आणि पंपाच्या आधी, टाकीकडच्या बाजूला, दहा मायक्रॉनचा फिल्टर टाकला. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा असतो, यावरून जाळी किती बारीक ते समजा. ‘पंपाच्या आधी एवढा बारीक कशाला?’ असं मी तेव्हाच विचारलं होतं. ‘पंप महागाचा आहे साहेब, त्याच्या पोटात कचरा जाऊन चालेल का?’ ऐकायला अगदी पटण्यासारखं.

सकाळी गार हवेत गाडी झकास पळायची. दुपारी पेट्रोल तापलं की तिसऱ्या गिअरमध्ये सहा हजारांच्या पुढं पंप किंचाळायला लागायचा. एक बार बूस्टला रेलमध्ये चार बार दाब हवा, तर काटा थरथरत तीनच्या खाली. हवा-पेट्रोलचं प्रमाण साडेअकरावरून साडेतेरावर. टर्बोच्या इंजिनात भर लोडला साडेतेरा म्हणजे नॉकिंगला आवतणच.

गॅरेजचं निदान झालं, ‘पंप बसला.’ लगेच 340 लिटरचा नवा पंप, नवं बिल. फिल्टर तोच, जागा तीच. आणि गंमत बघा, मोठ्या पंपानं गाडी आणखी लवकर उपाशी पडायला लागली! मग म्हणाले पेट्रोल भेसळीचं आहे. मग म्हणाले मॅप रिच करू. जे पेट्रोल इंजेक्टरपर्यंत पोचतच नाही ते मॅपमध्ये आकडा वाढवून कुठून येणार? पुढच्याच खेपेला तिसऱ्या पिस्टनची रिंग लँड तुटली. इंजिन खाली उतरवलं, सिलिंडरची भिंत ओरखडलेली.

उकल झाली ती गावाकडं. चुलत दादांचा ऊस आहे, सगळा ठिबकवर. त्यांना मी बसल्या बसल्या पंपाचं रडगाणं सांगत होतो, तर ते मधेच म्हणाले, ‘आरं, सक्शनला कोण बारीक जाळी लावतंय व्हय?’ विहिरीत फूटव्हॉल्व्हला जाळी असते, पण मोठ्या भोकांची, पालापाचोळा अडवण्यापुरती. ठिबकचा बारीक फिल्टर मोटारीच्या पुढं, डिलिव्हरीच्या लायनीवर. पंप ढकलण्यात पटाईत असतो, ओढण्यात कच्चा. दहा बार दाबानं पुढं ढकलेल, पण मागून ओढायला त्याच्याकडं फार तर वातावरणाचा एक बार. तेवढ्यात बारीक जाळी आडवी घातली की पंपाच्या तोंडाशी दाब पडतो, तापलेलं पेट्रोल तिथंच उकळतं आणि पंप पेट्रोलऐवजी वाफ चघळत बसतो. पंप जितका मोठा तितकी ओढ जास्त, तितकी वाफ जास्त.

हे मी गॅरेजमध्ये जाऊन सांगितलं. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘तुमचे दादा शेती करतात ना?’ मग हसून, ‘शेतातली मोटार वेगळी साहेब, ही वेगळी.’ समोरच्या पोरांनीही हसून घेतलं. पैशांचं दुःख एक वेळ ओसरलं असतं. पण पाणी आणि पेट्रोल यांना वेगवेगळं पदार्थविज्ञान लागू होतं हे ऐकून घ्यावं लागलं, आणि तेही दादांच्या नावानं. शेवटी दुसऱ्या पंपाचे पैसे काही परत मिळाले नाहीत.

आता गाडीत पंपाच्या आधी शंभर मायक्रॉनची स्टीलची जाळी आहे, ऐसपैस आकाराची, आणि पंपाच्या पुढं दहा मायक्रॉनचा मायक्रोग्लासचा फिल्टर. स्टीलची जाळी धुऊन परत वापरता येते, मायक्रोग्लास फेकावाच लागतो. इथेनॉल भरपूर असलेल्या इंधनाला कागदी एलिमेंट घेऊ नये, पाणी शोषून ते फुगतं. जुन्या टाकीत ई20 पडायला लागलं की वर्षानुवर्षांचा चिकटा सुटून फिल्टरमध्ये येतो, तेव्हा सुरुवातीला एलिमेंट लवकर बदला.

खोक्यावर ‘हजार हॉर्सपॉवर’ छापलेलं असतं, त्याला भुलू नका. फिल्टरला हॉर्सपॉवर नसते. त्यातून तासाला किती लिटर जातात आणि तेवढं जाताना दाब किती पडतो, हे दोनच आकडे मागा. बूस्टवर एका हॉर्सपॉवरला तासाला पाव किलोहून थोडं जास्त पेट्रोल लागतं, म्हणजे तीनशेला साधारण 110 लिटर. पण रिटर्न लाइनच्या गाडीत पंप जेवढं ढकलतो तेवढं सगळं फिल्टरमधून जातं, उरलेलं टाकीत परत येतं. म्हणून फिल्टर पंपाच्या मापाचा घ्यायचा, इंजिनाच्या नव्हे. मायक्रॉनचा आकडा नॉमिनल की अ‍ॅब्सोल्यूट, तेही विचारा. नॉमिनल दहामधून दहाहून मोठे कणही बरेच निसटतात. आणि शक्य झालं तर फिल्टरच्या आधी आणि नंतर दाब मोजायची सोय ठेवा. दोन काट्यांमधला फरक वाढला की एलिमेंट भरलं, मग कुणाच्या निदानाची वाट बघायला नको.

मित्रांना मी बजावून सांगतो, त्या गॅरेजची पायरी चढू नका. पण खरं सांगायचं तर त्यांनी वेल्ड केलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड अजून गाडीवर आहे, एवढ्या उष्णतेत त्याला केसाएवढी चीर नाही. परवा एकाला टर्बोचा मॅनिफोल्ड करून घ्यायचा होता, त्याला मीच तिथला पत्ता दिला. वेल्डिंग त्यांच्याकडूनच करून घे म्हटलं, पेट्रोलच्या लायनीचं काय ते आपण दादांना विचारू.