दहा वॅटांची वाटणी

व्यापारी कुटुंबात वाटणी होते तेव्हा प्रत्येक वस्तूला स्वतंत्र किंमत लावावी लागते. त्यावाचून समान भाग पडत नाहीत. परंतु काही वस्तूंचे मोल जोडीत असते. जोडी फुटली की दोन्ही भाग कागदावर जसेच्या तसे राहतात, उपयोग मात्र नाहीसा होतो. आमच्या घरी हे ध्यानात आले ते वडिलांच्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमुळे.

अण्णांची सांगलीच्या बाजारात हळदीची अडत होती. संगीत हा त्यांचा एकमेव शौक. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडून त्यांनी हा अ‍ॅम्प्लिफायर बांधून घेतला होता. ब्रिटनमधील मुलार्ड कंपनीने १९५० नंतरच्या दशकात प्रसिद्ध केलेला ‘फाइव्ह-टेन’ हा त्याचा नमुना : पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅट. शेवटच्या टप्प्यात ईएल ८४ जातीचे दोन व्हॉल्व्ह. जोडीला बारा इंची, कागदी शंकूचा लाउडस्पीकर, कपाटाएवढ्या लाकडी पेटीत बसवलेला. सकाळी पूजा आटोपल्यावर त्यावर स्तवने लागत. दिवेलागणीनंतर मात्र अण्णा तो कधीच लावत नसत. तापलेल्या व्हॉल्व्हच्या उजेडावर चिलटे येत आणि काचेला लागून मरत, म्हणून हा नियम. चातुर्मासात तर ते तो अधिकच कसोशीने पाळत.

वाटणीत दुकान थोरल्या दादांकडे गेले, वखार माझ्याकडे आली. अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्या वाट्याला आला, स्पीकर माझ्या. पंचांनी दोहोंची किंमत सारखी धरली. अन्याय कोणावरच झाला नाही. तरीही त्यानंतर वर्षभर आम्हा भावांचे बोलणे सणावारापुरतेच उरले.

दादांनी लहान पेटीचा, सुबक, नवा स्पीकर आणला. आवाज क्षीण येई, आणि वाढवू गेले की फाटे. इकडे मी जुन्या स्पीकरला शंभर वॅटांचा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर जोडला. बटण जरासे फिरवताच घर दणाणे, आणि गाणे थांबले की बारीक खरखर खोलीभर ऐकू येई. दोन्ही घरी कारागीर येऊन गेले. बिघाड कोठेच नव्हता.

कारण समजले ते मापे मांडल्यावर. पहिले माप स्पीकरच्या संवेदनशीलतेचे. एक वॅट दिला असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, तो हा आकडा. आमचा जुना स्पीकर सुमारे ९६ डेसिबलचा, दादांचा नवा ८६ चा. फरक दहाचाच दिसतो. पण दर तीन डेसिबलला शक्ती दुप्पट लागते आणि दहा डेसिबलला दसपट. जुन्या स्पीकरला जे काम एका वॅटात होई, त्याला नव्यास दहा वॅट हवेत. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची सारी पुंजी नेहमीच्या आवाजातच संपे. तबल्याची थाप किंवा गायकाची तान येताच देण्यास काही शिल्लक नसे, आणि आवाज फाटे. माझ्याकडे नेमके उलटे होते. संवेदनशील स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरमधली बारीकशी खरखरही लपवीत नाही.

दुसरे माप ओहमचे, म्हणजे विद्युत्प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचे. व्हॉल्व्हला काम करण्यास काही हजार ओहमचा भार लागतो, स्पीकर असतो मोजक्या ओहमचा. मध्ये ट्रान्सफॉर्मर बसून दोघांचा मेळ घालतो. अण्णांचा ट्रान्सफॉर्मर १६ ओहमच्या स्पीकरसाठी गुंडाळलेला होता. तो स्पीकर व्हॉल्व्हना ८००० ओहमचा भासे. दादांचा नवा स्पीकर ४ ओहमचा, म्हणून तोच भार २००० वर उतरला. परिणामी मिळणारी शक्ती घटली, विकृती वाढली आणि व्हॉल्व्हवर ताण पडला. अनेक अ‍ॅम्प्लिफायरना ४, ८ आणि १६ ओहमची वेगवेगळी टोके दिलेली असतात. तेथे योग्य टोक निवडले की हा दोष टळतो. पहिला टळत नाही. आणखी एक पथ्य सांगितले पाहिजे. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर चालू करून गाणे सोडू नये. जाण्यास वाट न मिळालेली शक्ती ट्रान्सफॉर्मरमध्येच दाब वाढवते आणि त्याचे वेष्टण जळू शकते.

हा हिशेब मी दादांना कागदावर लिहून दाखवला. आकडे त्यांना चटकन उमगतात. ते बराच वेळ कागद पाहत राहिले आणि म्हणाले, “वखारीवाचून दुकानाचंही असंच झालंय रे.” आमच्यात वर्षभरात निघालेला तो पहिला मोकळा शब्द. त्यानंतर वहिनींनी चहा आणला आणि आई आतून बाहेर येऊन बसली.

स्पीकर आता दादांकडे आहे. पंचांनी धरलेली किंमत त्यांनी माझ्या खाती जमा केली आणि मी ती नाकारली नाही. व्यवहार पुरा झाला, म्हणून रविवारी सकाळी तेथे ऐकायला जाताना मनात ओझे नसते. दुकान आणि वखार यांचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही, पण बोलणी सुरू आहेत. शंभर वॅटांचा अ‍ॅम्प्लिफायर मी विकून टाकला.

परिग्रहाचे परिमाण ठरवावे असे आपले व्रत सांगते. मी त्याचा अर्थ केवळ ‘कमी बाळगावे’ एवढाच घेत असे. आज त्यात आणखी एक अर्थ दिसतो : घेणारा समर्थ असेल तर देणाऱ्याला थोडकेच पुरते, मेळ नसेल तर कितीही वाढवले तरी अपुरेच पडते. परस्परांवरील उपकाराचे जे सूत्र आपल्या प्रतीकाखाली असते, ते जीवांसाठी आहे, यंत्रांसाठी नाही, हे मी जाणतो. परंतु यंत्रापुढे बसून ऐकणारे जीवच असतात.

ज्यांच्या घरी वाटणीचा विचार चालू असेल, त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. किमतींची यादी करण्याआधी आणखी एक यादी करावी : कोणकोणत्या वस्तू एकमेकींवाचून निरुपयोगी आहेत याची. त्या एकाच्या वाट्याला एकत्र द्याव्यात, आणि दुसऱ्याचा भाग रोख रकमेने पुरा करावा.