नाव नसलेली जागा

मराठी भाषा श्रीमंत आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. बैलगाडीच्या एकेका भागाला तिच्यात नाव आहे : जू, आख, आरे, धाव. जात्याच्या खुंट्याचीही तिने आठवण ठेवली. पण बाईच्या शरीराच्या बाहेरच्या जननेंद्रियाला घरात उच्चारता येईल असा शब्द तिच्यात सापडत नाही. आहेत ते एकतर शिव्यांत, नाहीतर संस्कृतात! आमच्या घरी नुसते 'ती जागा' म्हणत.

या मुक्या जागेने माझ्या आत्याला चार महिने छळले. तिला धड बसवत नसे. डॉक्टरांना मात्र तिने "ओटीपोटात दुखतं" एवढेच सांगितले. मग औषधेही पोटाचीच मिळाली. अखेर एका बाई डॉक्टरांनी तपासले, गाठ सापडली, छोट्याशा शस्त्रक्रियेने निचरा झाला. नंतर आत्या म्हणाली, "सांगणार काय गं? शब्दच नव्हता तोंडात."

त्या दिवसापासून मी ते शब्द शोधू लागले. बाहेरच्या या भागाला शास्त्रात 'भग' म्हणतात. योनी ही आतली नलिका. आपण दोन्हींना सरसकट योनीच म्हणतो. बाहेर दोन जाड ओठ असतात, ते बृहत् भगोष्ठ. त्यांच्या आत दोन नाजूक लघु भगोष्ठ. त्यांचा आकार आणि रंग प्रत्येकीचा निराळा, आणि ते अगदी स्वाभाविक आहे. ते वर जिथे मिळतात तिथे शिश्निका. तिचा दिसतो तो केवळ शेंडा; उरलेला मोठा भाग आत दडलेला असतो. ऑस्ट्रेलियातल्या हेलन ओकॉनेल या शल्यविशारद बाईंनी 1998 साली तो नीट दाखवून दिला. तिच्याखाली मूत्रद्वार आणि त्याखाली योनिद्वार. म्हणजे लघवीची वाट वेगळी, पाळीची वेगळी. मैत्रिणींनो, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक होते? योनिद्वाराच्या दोन्ही अंगांना वाटाण्याएवढ्या बार्थोलिन ग्रंथी असतात. त्यांचे काम ओलावा देण्याचे. त्यांचे तोंड बुजले की सूज येते. आत्याची गाठ ती हीच.

योनिद्वाराशी असते ते योनिपटल. तो काही दाराला लावलेला पडदा नव्हे, कडेची एक लवचिक घडी आहे. ती पाहून कौमार्य कळत नाही. तरी तिच्यावरून किती मुलींची अब्रू जोखली गेली! बलात्कारपीडितेची 'दोन बोटांची चाचणी' अशास्त्रीय आहे, असे सर्वोच्च न्यायालयाला 2022 सालीही बजावून सांगावे लागले.

याच महाराष्ट्रात र. धों. कर्वे या गणिताच्या प्राध्यापकाने 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले आणि अशा गोष्टी सरळ मराठीत लिहिल्या. अशाच विचारांपायी नोकरी आधीच गमावली होती, पुढे खटले सोसले. त्यांनी एवढे सोसले, ते आपण लाजून गप्प बसावे म्हणून खासच नव्हे.

ज्याला नाव नाही, त्याचे दुखणे सांगता येत नाही. हात, पाय, नाक, कान हे शब्द लहान मुलीला शिकवताना आणखी दोन शब्द शिकवले, तर भाषा बाटत नाही. एखादी आत्या मात्र चार महिन्यांच्या वेदनेतून वाचते.