रामघाटावरची होडी

उज्जैनला आम्ही दर्शनासाठीच गेलो होतो. जयसिंहपुऱ्यातलं दिगंबर जैन संग्रहालय पाहिलं. तिथल्या जुन्या मूर्तींपुढं आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकून आम्ही रामघाटावर येऊन बसलो. समोर दत्त आखाड्याचा घाट, मध्ये संथ क्षिप्रा. २०१४ पासून नर्मदेचं पाणी उचलून या नदीत सोडतात, असं ह्यांनी सांगितलं. आक्का म्हणाल्या, "नदीलासुद्धा शेजारणीकडनं उसनं मागायची पाळी आली म्हणायची!"

नावाडी हाका मारत होते. सिंगापूरहून आलेली लेक उठली. "आक्का, चला की होडीत."

"नको गं बाई. तुम्ही जावा."

आम्ही गप्प झालो. कारण आक्का कृष्णाकाठच्या. सांगलीत होड्यांच्या शर्यती लागल्या की आयर्विन पुलावर गर्दीत उभ्या राहून गावच्या होडीसाठी ओरडणाऱ्या. पण २०१९ च्या ऑगस्टात पाणी पुलापाशी ५७ फुटांवर गेलं आणि आम्हाला घरातून होडीनंच बाहेर काढलं. आम्ही सुखरूप निघालो. त्याच दिवसांत ब्रह्मनाळला माणसं घेऊन येणारी होडी उलटली. त्यात बाया होत्या, लेकरं होती. तेव्हापासून आक्कांनी होडीचं नाव टाकलं. एकदाच म्हणाल्या होत्या, "मी म्हातारी वाचले, आणि ती लेकरं गेली." त्यावर काय बोलावं, ते मला आजवर सुचलेलं नाही.

त्या संध्याकाळी लेक त्यांच्याजवळ बसली आणि सिंगापूरला पाहिलेली शर्यत सांगू लागली. लांबलचक होडी, पुढं ड्रॅगनचं तोंड, वीस वल्हेकरी, मागं सुकाणू धरणारा आणि पुढं ढोल वाजवणारा. ढोलाच्या ठेक्यावर सगळी वल्ही एकदम पाण्यात!

"कशासाठी करतात गं?" आक्कांनी विचारलं.

"चीनमध्ये चू युआन नावाचा कवी होता. राज्याची राजधानी शत्रूच्या हाती गेलेली त्याला सोसवली नाही, त्यानं नदीत जीव दिला. लोक होड्या घेऊन त्याला वाचवायला धावले, अशी कथा आहे. त्याचीच आठवण म्हणून शर्यत."

"सापडला का?"

"नाही."

"तरी दरवर्षी होड्या काढतात?"

"दोन हजार वर्षं झाली म्हणतात."

आक्का पाण्याकडं बघत राहिल्या. घाटावर आरतीची तयारी सुरू झाली होती. मग त्यांनी पदर खोचला, माझा हात धरला आणि एकेक पायरी उतरू लागल्या. ओठांवर णमोकार चालू होता. होडीत पाय ठेवताना मात्र थांबल्या आणि नावाड्याला आपल्या हिंदीत म्हणाल्या, "भैया, तैरना आता है ना?"

तो हसला. "आता है, माताजी."

पलीकडच्या काठापर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. परतताना मात्र एक हात त्यांनी काठावर टेकला होता.